टेंभीपाटीचा हिरवा ठिपका

पूर्णिमाला मी ओळखते ती तिच्या तेराव्या वर्षापासून. बऱ्हाणपुरात, शनवारा पेठेत, आमच्या घरापासून चौथं घर तिचं. वडील अनंतराव पोस्टातून निवृत्त झालेले. आई, पूर्णिमा कॉलेजात असतानाच गेली. मी शाळेत भूगोल शिकवायचे. जिल्ह्याचा नकाशा काढायला सांगितला की बहुतेक मुलं काचेखाली बल्ब लावून पुस्तकातला नकाशा उतरवून आणायची. पूर्णिमा मोजपट्टी घेऊन बसायची, आणि तापीचं एखादं वळण चुकलं की सगळं खोडून पुन्हा काढायची. कागद फाटेपर्यंत खोडायची. हुशार होती असं मी म्हणणार नाही. चिवट होती.

पुढं तिनं इंदूरला जाऊन संगणकावर नकाशे बनवण्याचा कोर्स केला. परत आली आणि एका सरकारी योजनेत कंत्राटावर लागली. गावोगावचे हातपंप आणि पाण्याच्या टाक्या नकाशावर बसवायचं काम. तीन वर्षं ते काम तिनं मान मोडून केलं. मग योजना संपली, कंत्राट संपलं, आणि पूर्णिमा घरी बसली.

ते घरी बसणं दोन वर्षं चाललं. तीस वर्षांची मुलगी सकाळी आवरून, केस विंचरून लॅपटॉपपुढं बसायची, जणू ऑफिसात जायचंय. अर्ज पाठवायची. उत्तर यायचं नाही, आणि आलंच तर एकच प्रश्न असायचा: तुम्ही स्वतः केलेला एखादा नकाशा दाखवता का? योजनेतले नकाशे सरकारचे. ते दाखवायची सोय नव्हती. अनंतराव माझ्याकडे यायचे, दारातच उभे राहायचे आणि म्हणायचे, "मालतीबाई, तुम्ही तरी सांगा तिला, शाळेत लागून जा म्हणावं." मी सांगितलं नाही. मला वाटायचं, हिला एक संधी मिळायला हवी.

शेवटी तिनं दाखवण्यासाठी स्वतःचा एक नकाशा बनवायचं ठरवलं. विषय निवडला सर्पदंशाचा. आमच्याकडे केळीच्या बागांतून पाणी असतं, वाळलेल्या पानांचा थर असतो, उंदीर असतात, आणि त्यांच्यामागं साप असतात. दर पावसाळ्यात कोणी ना कोणी जातं. कोणत्या आरोग्य केंद्रात सापाचं इंजेक्शन आहे आणि कोणत्या नाही, हे नातेवाइकांना तिथं पोचल्यावरच कळतं. पूर्णिमानं मला सरळ सांगितलं होतं, "मॅडम, विषय असा पाहिजे की बघणारा माणूस थांबला पाहिजे." हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं लोकांनी तिला समाजसेविका वगैरे म्हटलं. ती नोकरी शोधत होती.

नकाशा कागदावरच्यासारखा नव्हता. मोबाईलवर उघडायचा, दोन बोटांनी लहानमोठा करायचा. खालचे रस्ते, नद्या, गावं तयार मिळतात. त्याच्यावर तिनं आपला थर चढवला: बत्तीस सरकारी केंद्रं, प्रत्येकाचा एक ठिपका. इंजेक्शन असेल तर हिरवा, नसेल तर लाल. ठिपक्यावर बोट टेकवलं की छोटी चौकट उघडायची. तिच्यात केंद्राचं नाव, फोन आणि रस्ता. खाली एक बटण होतं, 'माझ्या जवळचं'. ते दाबलं की आपण जिथं उभे आहोत तिथून सगळ्यात जवळचा हिरवा ठिपका मोठा होऊन समोर यायचा. आणि अगदी तळाशी तिचा मोबाईल नंबर: माहिती चुकीची असेल तर कळवा.

रंग आपोआप बदलत नव्हते. मागं एक तक्ता होता. दर सोमवारी पूर्णिमा बत्तीस ठिकाणी फोन लावायची, "आज स्टॉक आहे का?" विचारायची आणि तक्त्यात हो किंवा नाही लिहायची. तक्ता बदलला की ठिपका बदलायचा. लोक चिडायचे, फोन ठेवून द्यायचे. ती पुन्हा लावायची.

मला त्या नकाशाचा फार अभिमान वाटला. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे तीन ग्रुप आहेत, खकनारपासून नेपानगरपर्यंतची मुलं आहेत त्यांत. सगळीकडे मी लिंक टाकली. लिहिलं, "आपल्याच पूर्णिमानं बनवला आहे. सर्वांनी मोबाईलमध्ये ठेवा, पुढे पाठवा." मुलांनी पाठवला. महिनाभरात तो कुठं कुठं पोचला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

आणि नोकरी लागली. इंदूरच्या एका कंपनीनं तो नकाशा पाहिला आणि तिला बोलावून घेतलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. अनंतरावांनी शनवाऱ्यात पेढे वाटले.

नवीन जागा, नवीन काम, जाण्यायेण्यात दोन तास. पहिल्या सोमवारी तिला फोन करायला जमलं नाही. दुसऱ्या सोमवारी तिनं चारपाच केले. नंतर तेही राहिलं. नकाशा मात्र चालूच होता. बंद पडलेलं घड्याळ निदान बंद दिसतं. हा दिसत नव्हता. ठिपके होते तसे हिरवे होते.

जुलैच्या शेवटच्या गुरुवारी दुपारी ती ऑफिसात डबा खात होती, तेव्हा फोन आला. बोलणं तिनं मला इतक्या वेळा सांगितलं आहे की ते मला पाठ झालं आहे.

"सापाच्या नकाशावाल्या मॅडम बोलताय का?"

"हो, बोला."

"एक चुकी सांगायची होती. तुम्ही खाली लिहिलंय ना, कळवा म्हणून. टेंभीपाटीच्या केंद्रात इंजेक्शन नाहीये. नकाशात हिरवं दाखवतंय."

"बरं झालं सांगितलं. नाव काय तुमचं?"

"रितेश. डोईफोडियाचा."

तिनं हात पुसून लॅपटॉपवर तक्ता उघडला. "कधीपासून नाहीये, काही अंदाज?"

"तिथले लोक बोलले की दहाबारा दिवस झाले. दोन पेशंट लागोपाठ आले, त्यांच्यात सगळं लागून गेलं. आम्ही सोमवारी गेलो होतो."

"कोणाला चावला होता?"

"वहिनीला. घोणस होती. ऑफ झाली ती. बऱ्हाणपूरच्या रस्त्यात."

पूर्णिमानं डबा बाजूला सरकवला. तोच म्हणाला, "तुम्ही लाल करून टाका मॅडम. दुसरं कोणी जायला नको." आणि फोन ठेवला.

तिनं टेंभीपाटीच्या ओळीत 'नाही' लिहिलं. ठिपका लाल झाला. मग तिचं लक्ष बाकीच्या एकतीस ओळींकडे गेलं. त्यांतली एकही खरी असल्याची तिला खात्री नव्हती. दहा मिनिटांत तिनं सगळं पान काढून टाकलं. नकाशा, बटण, स्वतःचा नंबर, सगळं. पुढं ती मला म्हणाली, "मी विचार करून नाही काढला, मॅडम. भिऊन काढला. वाटलं, पोलीस येतील, कंपनीत कळेल, बाबांना कळेल."

पोलीस आले नाहीत. कोणालाच काही कळलं नाही. ती ऑफिसात जात होती, येत होती, जेवत नव्हती. सोळा दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी, पुन्हा तोच नंबर दिसला.

"मॅडम, नकाशा उघडत नाहीये."

"मी काढून टाकला तो."

रितेश म्हणाला, "का काढला? तुम्हाला लाल करायला सांगितलं होतं."

त्या दिवशी त्यानं तिला सगळं सांगितलं. कमल, म्हणजे त्याची वहिनी, सकाळी अकराच्या सुमारास बागेत वाळलेली पानं काढत होती. साप पायाला चावला. थोरला भाऊ सुकलाल आणि रितेश यांनी तिला शेजाऱ्याच्या जीपमध्ये घातलं. सुकलाल म्हणाला, सरळ बऱ्हाणपूर. रितेशनं मोबाईल काढला, बटण दाबलं. टेंभीपाटी, अकरा किलोमीटर, हिरवा ठिपका. बऱ्हाणपूर चाळीसच्या पुढं, आणि अगदी उलट्या दिशेला. तो म्हणाला, "भाऊ, हे जवळ आहे, इंजेक्शन आहे इथं." सुकलाल सातवीपर्यंत शिकलेला, रितेश बीएस्सी. सुकलालनं त्याचं ऐकलं. कच्चा रस्ता, पावसाचा चिखल. पोचले तर इंजेक्शन नाही. तिथून उलट फिरले. बऱ्हाणपूरच्या अलीकडे सहा किलोमीटरवर कमलनं मान टाकली. तिला पाच वर्षांची मुलगी आहे.

घरात पहिले काही दिवस कोणी काही बोललं नाही. तेराव्याला सगळे नातेवाईक जमलेले असताना कोणीतरी म्हणालं, बऱ्हाणपूर सोडून आडरानात नेलं कशाला? टेंभीपाटीच्या पुढच्या गावात रितेशचं लग्न ठरत आलं होतं. तिकडं ओळखीचे लोक, तिकडं मोठेपणा मिरवायला नेलं, असंही कोणी कुजबुजलं. सुकलालनं भावाला विचारलं, "तुले कोन सांगतलं टेंभीपाटी?" रितेश म्हणाला, नकाशात होतं. सुकलाल म्हणाला, "दाखव." रितेशनं सगळ्यांच्या समोर मोबाईल उघडला. हे पान सापडत नाही, एवढंच आलं. त्यानं पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. सुकलाल उठून आत गेला. तेव्हापासून तो रितेशशी एक शब्द बोललेला नव्हता. रितेश बागेतल्या मोटरच्या खोलीत झोपत होता आणि भाकरी तिथंच मागवत होता.

"मॅडम, एक दिवस चालू करा परत," तो म्हणाला. "जसा होता तसा. भावाला दाखवतो, मंग काढा तुम्ही. मी झूठ नाही बोललो, एवढंच दाखवायचंय मले."

ती "बघते" म्हणाली. सोमवारी रजा टाकून ती बऱ्हाणपूरला आली आणि घरी बॅगही न ठेवता माझ्याकडे आली. मी गॅसच्या सिलिंडरवाल्याची वाट बघत दारातच बसले होते. तिला पाहून मी ओळखलंच नाही आधी. दोन महिन्यांत गालफडं बसली होती.

सगळं ऐकल्यावर मी म्हटलं, "मग कर ना चालू. एक दिवसाचा प्रश्न आहे."

"जसा होता तसा चालू केला, आणि त्याच दिवशी दुसऱ्या कोणाला चावला तर?" ती म्हणाली. "लोकांच्या मोबाईलमध्ये लिंक आहे अजून. तुम्हीच पाठवली होती."

मी मोबाईल काढून तिन्ही ग्रुपांतला माझा तो मेसेज शोधला.

"आणि टेंभीपाटी लाल करून चालू केला, तर त्याच्या भावाला लालच दिसेल. म्हणेल, बघ, लाल होतं आणि तू नेलंस."

तिनं दोन दिवस घालवून नकाशा लॅपटॉपवर पुन्हा उभा केला. अशा कामात आधीच्या सगळ्या आवृत्त्या कुठंतरी साठवलेल्या असतात. कमलला साप चावला त्या सोमवारची आवृत्ती तिनं शोधून काढली. इंटरनेटवर चढवली नाही. तो नकाशा आता जगात त्या एकाच लॅपटॉपवर दिसणार होता. म्हणजे लॅपटॉप घेऊन तिलाच जावं लागणार होतं.

बुधवारी तिनं मला तो दाखवला. ठिपके, चौकट, बटण, सगळं तसंच. मग तिनं मागचा तक्ता उघडला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. प्रत्येक केंद्रापुढं तारीख होती. टेंभीपाटीपुढं नऊ जून.

"फोन केला त्या दिवशीची तारीख मी लिहून ठेवत होते," ती म्हणाली. "चौकटीत दाखवली नव्हती. मोबाईलवर चौकट लहान पडते. तारीख टाकली की मजकूर दोन ओळींत जायचा, वाईट दिसायचं. मुलाखतीसाठी नीटनेटकं दिसायला हवं होतं. ती तारीख दिसली असती, तर तो मुलगा म्हणाला असता, दीड महिन्यापूर्वीचं आहे हे, फोन करून बघू."

मी तिला काय सांगितलं, तेही लिहायला हवं. मी म्हटलं, "हे तिथं सांगायची काय गरज आहे? नकाशात हिरवा होता, एवढं दाखव. मुलगा सुटला म्हणजे झालं." तिनं लॅपटॉप मिटला.

गुरुवारी सकाळच्या बसनं आम्ही दोघी डोईफोडियाला गेलो. ती एकटी निघाली होती. मीच ऐकलं नाही. बसमध्ये तिनं लॅपटॉपची बॅग मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती, आणि दर थोड्या वेळानं चेन उघडून आत हात घालून बघत होती. वाटेत दोनदा ती म्हणाली, "आपण परत जाऊ या का?" दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिनं खरोखरच घंटीची दोरी धरली होती. मी तिचा हात धरला. आमच्यापैकी कोण कोणाला थांबवत होतं, ते आता सांगता येणार नाही.

रितेश स्टॉपवर उभा होता. पंचविशीचा, सडसडीत, दाढी वाढलेली. त्यानं आम्हाला नमस्कार केला आणि पुढं चालायला लागला. घराच्या अंगणापर्यंत आला आणि तिथंच लिंबाच्या झाडाखाली थांबला. "तुम्ही जा," म्हणाला.

ओट्यावर त्यांची आई गोदाबाई नातीचे केस विंचरत होती. सुकलाल खाटेवर बसलेला. चाळिशीचा माणूस, मुंडण केलेलं डोकं, त्यावर बारीक केस उगवायला लागलेले. मी ओळख करून दिली. मास्तरीण म्हटल्यावर तो उठून उभा राहिला. पूर्णिमाकडे बघून म्हणाला, "आन् ह्या?"

"मी तो नकाशा बनवला होता," पूर्णिमा म्हणाली.

त्यानं झाडाखालच्या भावाकडे पाहिलं, मग पुन्हा हिच्याकडे. "म्हंजे होता?"

"होता. मी काढून टाकला. रितेशनं फोन केला त्याच दिवशी काढला. त्यामुळं त्याला तुम्हाला दाखवता आला नाही."

तिनं खाटेच्या कडेला लॅपटॉप ठेवला आणि उघडला. तिनं डोईफोडिया दाखवलं, त्यांच्या बागेकडे जाणारा रस्ता दाखवला आणि बटण दाबलं. टेंभीपाटीचा ठिपका मोठा होऊन पुढं आला. अकरा किलोमीटर. सुकलाल वाकला. त्याला वाचायला वेळ लागला. गावाचं नाव त्यानं ओठ हलवत वाचलं.

"हा हिरवा म्हंजे?"

"इंजेक्शन आहे."

"रितेशनं हाच पायला?"

"हाच."

त्यानं ठिपक्यावर बोट टेकवलं आणि विचारलं, "हा कोन लावला इथं?"

"मी लावला."

मला वाटलं, आता एवढ्यावर थांबावं. पूर्णिमानं तक्ता उघडला. मी तिच्या दंडाला हात लावला. तिनं तो हळूच बाजूला केला. "ही तारीख बघा," ती म्हणाली. "नऊ जून. त्या दिवशी मी त्यांना फोन केला होता, तेव्हा इंजेक्शन होतं. त्यानंतर मी विचारलंच नाही. मला नोकरी लागली होती. ही तारीख माझ्याजवळ होती, पण मोबाईलमध्ये दिसत नव्हती. रितेशला कळायला काही मार्ग नव्हता."

"मंग मोबाईलमंदी का नाई टाकली?"

"जागा कमी पडत होती. दिसायला बरं दिसत नव्हतं."

गोदाबाईंची फणी थांबली. गोठ्यात एक गाय खूर आपटत होती. सुकलाल उठला, ओट्याच्या टोकाला गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत नव्हते. मला वाटलं, तो रडेल किंवा शिव्या देईल, आणि दोन्हींसाठी मी तयार होते. पूर्णिमा जमिनीवर बसली होती, तिथंच बसून राहिली. माफी मागितली नाही. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "मागितली असती तर त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं."

सुकलाल परत वळला तेव्हा त्याचा चेहरा कोरडा होता. तो पूर्णिमाशी बोलला नाही. अंगणाकडे तोंड करून त्यानं हाक मारली, "रितेश."

रितेश दोन पावलं पुढं आला.

"ह्या बायांले बसवर सोडून दे. बारा वाजताची गेली तर मंग दोनपर्यंत नाई भेटत." आणि मग, "जेवाले घरी ये."

एवढंच. रितेश तोंडावर हात ठेवून तिथंच खाली बसला. गोदाबाई उठल्या, पदरानं त्याचं तोंड पुसायला लागल्या, आणि त्याच वेळी आमच्याकडे बघून त्यांनी जे म्हटलं ते मी विसरू शकत नाही. त्या म्हणाल्या, "माह्या सुनेले परत तर नाई ना आनता येत तुमच्या कंपूटरनं." रागानं म्हणाल्या नाहीत. खरोखर विचारल्यासारखं म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये पूर्णिमा रडली. बरं वाटल्यासारखं नाही. पोटात कळ आल्यासारखी, वाकून. समोरच्या सीटवरच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली. बऱ्हाणपूर येईपर्यंत ती तशीच होती.

इंदूरची नोकरी तिनं दिवाळीपर्यंत केली आणि सोडली. कंपनीनं काढलं नाही, तिला जमेना. कोणताही नकाशा उघडला की तिला विचारावंसं वाटायचं, हे कधीचं आहे, कोणी बघितलंय. सहकारी वैतागायचे. आता ती बऱ्हाणपुरातच एका जमीन मोजणी करणाऱ्याकडे काम करते. अनंतराव तिच्या लग्नाचं बोलत नाहीत. आधी बोलायचे तेव्हा घरात भांडणं व्हायची, ती तरी बरी होती, असं ते मला एकदा म्हणाले.

नकाशा पुन्हा चालू आहे. चालू करावा की नाही, यावर ती तीन महिने अडली होती. मी म्हणत होते, सोडून दे. रितेशनं फोन करून म्हटलं, "मॅडम, नसला तर लोक मग अंदाजानेच जातील ना." मग तिनं तो पहिल्यापासून बनवला. 'माझ्या जवळचं' बटण काढून टाकलं. ठिपक्याच्या शेजारी तारीख मोठ्या अक्षरांत असते, कितीही वाईट दिसली तरी. वरच्या पट्टीत लिहिलंय, फोन करून विचारल्याशिवाय निघू नका. आणि सात दिवस कोणी विचारलं नाही तर ठिपका आपोआप राखाडी होतो. राखाडी म्हणजे माहीत नाही.

बहुतेक ठिपके राखाडी असतात. सोमवारी अर्धी यादी मी घेते, अर्धी अनंतराव. बत्तीसपैकी चौदापंधरा ठिकाणीच फोन उचलला जातो. आरोग्य खात्यातल्या एका साहेबांचा तिला फोन आला होता, की यामुळं जिल्हा वाईट दिसतो. ती म्हणाली, तुमच्या लोकांना फोन उचलायला सांगा, लगेच रंग येईल. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही, आणि केंद्रांनी फोन उचलायलाही सुरुवात केली नाही. रितेश आपल्या भागातल्या चार केंद्रांवर दर रविवारी मोटारसायकलनं जातो आणि इंजेक्शनं ठेवतात त्या फ्रिजचा फोटो काढून पाठवतो. ते चार ठिपके नेहमी हिरवे किंवा लाल असतात. त्याचं ठरत आलेलं लग्न मोडलं. सुकलाल त्याच्याशी कामापुरतं बोलतो.

यंदा भाद्रपदात दुसऱ्या टोकाच्या एका गावात नऊ वर्षांची मुलगी सर्पदंशानं गेली. पेपरात चार ओळी आल्या होत्या. तिथून जवळचे तिन्ही ठिपके त्या दिवशी राखाडी होते. पूर्णिमानं पान किती वेळा उघडलं गेलं, ते पाहिलं. त्या दुपारी सात वेळा. कुठून, कोणी, ते कळत नाही; तशी नोंद तिनंच ठेवलेली नाही. ती माझ्याकडे आली, हे सांगितलं, आणि माझ्या खुर्चीत बसून तिनं त्या तीन केंद्रांना फोन लावला. दोन लागले नाहीत. तिसरा उचलला गेला आणि पलीकडचा माणूस म्हणाला, जरा थांबा, बघून सांगतो. ती थांबली.